रिपोर्टही खरा, लाथही खरी

छाया,

माझ्या डाव्या मनगटावर तुझे दात अजून उमटलेले आहेत. वरची ओळ स्पष्ट, खालची पुसट. शेवटच्या दुपारी कळ आली तेव्हा तू उशी शोधत होतीस आणि तुझ्या तोंडाला माझं मनगट लागलं. इतक्या जोरात चावलीस की तू चावलीस हे कळायलाच मला वेळ लागला. आधी वाटलं, हात दारात चेंगरला. तुझी लेक कोमल जबडा सोडवायला धावली, तर मी तिला मानेनेच नको म्हटलं. कळ ओसरल्यावर तू डोळे उघडलेस, ती खूण पाहिलीस आणि म्हणालीस, "अक्का, तुमले बी डाग दिधा मी."

शाळेत मुली विचारतात, बाई, काय चावलं? मी सांगते, माझी जाऊ. त्या हसतात. त्यांना वाटतं बाई गंमत करतात.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. बायका भेटायला येतात, डोळ्याला पदर लावतात आणि म्हणतात, मोठी सोशिक होती बिचारी. मी मान हलवत नाही. त्या ज्या बाईबद्दल बोलतात ती मी कधी पाहिली नाही. मी पाहिली ती एरंडोलकडून लग्न होऊन आलेली काटकुळी मुलगी, जिच्या अहिराणीला, 'आहे'च्या जागी 'शे' आणि 'सगळा'च्या जागी 'बठ्ठा' म्हणण्याला, आमच्या यावलकडच्या घरात सगळे हसायचे. एकदा सासूबाईंनी पाहुण्यांसमोर तुझी नक्कल केली. तू हातातलं लाटणं खाली ठेवलंस, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि सासूबाईंच्या बोलण्याची नक्कल करून दाखवलीस, ठसक्यासकट. त्या दिवशी तुला उपाशी झोपवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नक्कल झाली आणि तू पुन्हा तेच केलंस. आठवड्यात नक्कल बंद झाली. मी थोरली सून, शाळेत मराठी शिकवणारी, पगार आणणारी, आणि मला इतक्या वर्षांत त्यांना 'पुरे' म्हणता आलं नव्हतं.

केळीच्या बागेत घोणस निघाली होती, आठवतं? मजूर बाया बांधावर चढल्या, तुझा नवरा विलास काठी आणायला घराकडे पळाला. तो परत येईपर्यंत तू कोयत्याने तिचे तुकडे केले होतेस आणि पुढच्या खोडाकडे वळली होतीस. विलासला ते आवडलं नव्हतं. मजुरांसमोर बायकोने साप मारला आणि आपण काठी घेऊन उशिरा पोचलो, हे तो विसरला नाही.

कोमल झाली ती पोट फाडून. बाळ आडवं होतं, दुसरा इलाज नव्हता, आणि ज्या डॉक्टरांनी ते केलं त्यांनी तुम्हा दोघींना वाचवलं. टाका चांगला भरला. तू महिन्याभरात पाण्याच्या कळश्या उचलायला लागलीस. कोमल चालायला लागल्यावर केव्हातरी त्या टाक्याच्या उजव्या टोकाशी बोराएवढी गाठ आली. पाळी यायच्या आधी ती फुगायची, निळी पडायची, तू हात लावू द्यायची नाहीस. पाळी सरली की बसायची. गाठ बसली की तूही तिला विसरायचीस. कधीकधी तिच्या तोंडातून काळपट रक्ताचे दोन थेंब यायचे. तू म्हणायचीस, "अक्का, माले दोन जागे पाळी येस." मी म्हणायचे, असं नसतं काही. तुझं बरोबर होतं. शब्दशः बरोबर होतं, हे आम्हाला फार पुढे कळलं.

आता त्या दिवसाचं. आपण दोघी त्याबद्दल किती वेळा भांडलो, पण तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत मी तुला कधी सांगितला नाही, आणि तूही मला विचारला नाहीस.

बागेत कापणी होती. घड रस्त्याला येऊन पडले होते, ट्रक उभा होता, मजुरांचा चहा जायचा होता. तू ओट्याखाली फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होतीस. आपल्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे विलास आला ते मला ऐकू आलं. "दर महिन्याले हेच नाटक," तो म्हणाला. तू काहीतरी उत्तर दिलंस. मग एक आवाज आला, भरलेलं पोतं उंचावरून टाकावं तसा. आणि त्यानंतर तुझा आवाज, जो माणसाचा वाटत नव्हता.

मी धावत आले. तुझ्या साडीवर पोटापाशी रक्त पसरत होतं. त्याची लाथ बरोबर टाक्यावर बसली होती आणि ती गाठ फुटली होती. विलास वळून मोरीकडे निघाला होता, जणू काही झालंच नाही. कोमल तेव्हा पहिलीत होती. ती मधल्या दारात शाळेच्या कपड्यांत उभी होती. आणि तू उठत होतीस. कशी उठलीस मला कळलं नाही. एक हात पोटावर, एक हात कोनाड्याकडे. कोयता काढलास, तो उलटा धरलास आणि मागून त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, कोयत्याच्या पाठीने घाव घातलास. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तो खाली बसला. तू त्याच्यासमोर उभी राहून, तोंडातली लाळ पुसत म्हणालीस, "पुढल्या टाईमले पाठ नही. धार."

तुला मी रिक्षाने यावलला नेलं. त्याला माझ्या मिस्टरांनी, तुझ्या जेठांनी, मोटारसायकलवर हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. गावाला महिनाभर बोलायला विषय झाला. त्याचा हात वाकडाच बसला. त्यानंतर त्याने तुला बोट लावलं नाही, आणि प्रेमानेही लावलं नाही. एका घरात दोन माणसं आपापलं ताट वाढून घेऊन जेवत राहिली.

यावलच्या डॉक्टरांनी जखम बांधली आणि सांगितलं, ही गाठ साधी दिसत नाही, जळगावला दाखवा. मी दर सुट्टीत तुझ्यामागे लागायचे. तू म्हणायचीस, पुढच्या महिन्यात. कापणी, लावणी, कोमलची परीक्षा, सासूबाईंचं आजारपण. पुढचा महिना दरवेळी पुढेच सरकायचा.

एका गोष्टीसाठी मी तुझे आभार मानायला हवे होते आणि मानले नाहीत. तुझ्या त्या जखमेनंतरच्या वर्षी आमच्या घरात भांडण झालं. माझ्या बदलीवरून. माझ्या मिस्टरांनी हात वर केला. भिंतीपलीकडे तुला ऐकू गेलं असणार. तू आलीस, दारात उभी राहिलीस, हातात भाजीचा विळासुद्धा नव्हता. फक्त जेठांच्या त्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिलीस, कोपराच्या खाली, नेमक्या त्या जागेकडे. हात खाली आला. तो पुन्हा कधी वर गेला नाही. तू "साखर शे का?" विचारलंस, वाटीभर साखर घेतलीस आणि गेलीस. आपण दोघी या गोष्टीवर कधी एक शब्द बोललो नाही.

मग गेल्या वर्षी ती गाठ बसेनाशी झाली. पाळी सरली तरी तशीच. बोराची लिंबाएवढी, लिंबाची पेरूएवढी. वरची कातडी चकचकीत झाली, मग फाटली. पाणी यायला लागलं, वास यायला लागला. तू फडकं बांधून बागेत जात होतीस. मी ते फडकं सोडून पाहिलं आणि त्याच सकाळी तुला जळगावला नेलं. बसमध्ये तू खिडकीशी बसलीस आणि पूर्ण वाटेत केळीच्या बागांना नावं ठेवत गेलीस, याची बाग करपली, त्याचे घड बारीक.

तुकडा काढून तपासायला दिला. आजार दुर्मीळ होता म्हणून तो धुळ्यालाही पाठवला. दोन्हीकडून एकच उत्तर आलं. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघींना आणि कोमलला समोर बसवलं. तू त्यांना बोलूच दिलं नाहीस. आधी विचारलंस, "हाई उनं कुठून?"

त्या म्हणाल्या, "पोटाच्या भिंतीतून नाही आलं. भिंतीत अशा पेशीच नसतात."

मग त्यांनी कागदावर गर्भाशय काढलं. आतलं अस्तर दाखवलं, जे दर महिन्याला वाढतं आणि झडून जातं. मूल काढायला गर्भाशय उघडतात तेव्हा त्या अस्तराच्या चार पेशी कधीकधी जखमेच्या कडेला चिकटतात. यात कोणाची चूक नसते. बहुतेक बायकांमध्ये त्या मरून जातात. तुझ्या नाही मेल्या. टाक्यात रुजल्या. आणि रुजल्यावरही त्या स्वतःला गर्भाशयच समजत राहिल्या. दर महिन्याला फुगायच्या, दर महिन्याला रक्त सांडायच्या, फक्त ते रक्त बाहेर जायला वाट नव्हती. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. कोणाला अंडाशयात होतं, कोणाला आतड्यावर, तुला टाक्यात. तेच रक्त तिथेच साकळतं, तिथेच सूज, तिथेच जखम, तिथेच पुन्हा भरणं, वर्षानुवर्षं. क्वचित एखादीचं त्यातून कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. तुझ्या कॅन्सरचं नाव क्लिअर सेल. अंडाशयातल्या अशाच गाठीतून होतो तोही पुष्कळदा याच जातीचा.

कोमलने विचारलं, "पण बिघडली कुठे ती पेशी? टाक्यात आल्यावर?"

"ते अजून पुरतं कळलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांगल्या निरोगी बाईच्या अस्तरातसुद्धा थोड्या बिघडलेल्या पेशी सापडतात. त्या गप्प असतात. अस्तराबरोबर झडूनही जातात. असं असू शकतं की हिच्या टाक्यात आलेली पेशी निघतानाच एक पाऊल बिघडलेली होती, आणि इथे तिला झडून जायला जागा मिळाली नाही."

तू तो कागद हातात घेतलास. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, केळीचं पील, बुंध्याशी फुटणारं रोप, उपटून बांधावर टाकलं तरी तिथे केळच उगवणार, तूर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो, तसंच.

मग तू उठलीस, पदर बाजूला केलास आणि त्या फाटलेल्या जागेवर बोट ठेवलंस. "इथे मले लाथ बसेल व्हती," तू म्हणालीस. इतक्या वर्षांत आमची बोली तुझ्या तोंडात कधी घुसली ते तुलाही माहीत नव्हतं. "हे तिच्यामुळे झालं का?"

त्यांनी तुझ्याकडे, माझ्याकडे, कोमलकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, हो म्हणा. बाई, हो म्हणा.

"नाही," त्या म्हणाल्या. "मार लागल्याने हा कॅन्सर होतो असं दिसलेलं नाही. गाठ आधीपासून होती. पण लाथ मारली कोणी?"

"ते वेगळं शे," तू म्हणालीस आणि पदर सारखा केलास.

बाहेर आल्यावर जिन्यात कोमल थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली. "मी आले त्या कापातूनच." तू तिची वेणी धरून तिला जवळ ओढलंस, इतक्या जोरात की ती कळवळली. "त्या पेशी मन्या," तू म्हणालीस. "पोट मनं. तुनं काय शे तठे?" पेशीही तुझ्या, पोटही तुझं, तिचा संबंध नाही, एवढं सांगितलंस आणि वेणी धरूनच तिला खाली घेऊन गेलीस.

ऑपरेशनमध्ये तुझ्या पोटाच्या भिंतीचा वितभर तुकडा गेला, गर्भाशय गेलं, दोन्ही अंडाशयं गेली, त्या जागी जाळी बसली. तुझे भाऊ एरंडोलहून आले. मोठा नाना आणि धाकटा. त्यांना एवढंच समजलं होतं की जिथे विलासने लाथ मारली होती तिथे कॅन्सर झाला. दवाखान्याच्या मागे, गाड्या लावतात तिथे, त्यांनी विलासला गाठलं. धाकट्याने हेल्मेटने त्याच्या तोंडावर मारलं. नानाने त्याचं डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं, आपटत राहिला, आणि प्रत्येक वेळी तुझं नाव घेत राहिला. सोडवायला तुझे जेठ गेले, वॉचमन गेला. मी वरच्या खिडकीत उभी होते आणि मी हलले नाही. मला ते बघायचं होतं.

तुला नर्सने सांगितलं. तू नानाला वर बोलावलंस. नळ्या लावलेल्या, उठता येत नव्हतं, आवाज फुटत नव्हता. त्याला खाली वाकायला लावलंस.

"हाई लाथमुळे नही व्हयनं, नाना. डॉक्टरीणबाईले इचार."

नाना म्हणाला, "मी त्याले जित्ता सोडनार नही."

"लाथसाठे मारनं व्हतं ते तवय येतास," तू म्हणालीस. "तवय तुम्ही उनात नही. मी मारं. मना हिसाब मी करा."

तेव्हा ते आले नव्हते, तू मारलं होतंस आणि तुझा हिशेब तूच केला होतास. नाना भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते तू जाईपर्यंत संपलं नाही. मी तुला म्हणाले, कशाला सांगितलंस? त्यांना समजू द्यायचं होतं ना लाथेमुळेच. विलासला जन्मभर त्या भीतीत राहू द्यायचं होतं. कोर्टात नाही, पोलिसांत नाही, कुठेच त्याला शिक्षा झाली नाही. गावाने तुझा हसून विषय केला. निदान ही एक शिक्षा देव देतोय, तर तू ती काढून का घेतेस?

तू म्हणालीस, "मी मरता मरता खोटं बोलू का?"

मी म्हणाले, हे खोटं नाही, हे फक्त गप्प बसणं आहे.

तेव्हा तू मला जे सांगितलंस ते मी विसरू शकत नाही. तू म्हणालीस, "अक्का, जिले कॅन्सर नही व्हयना, तिनी लाथ माफ का?"

मी मराठी शिकवते, वादविवाद स्पर्धेला मुलं तयार करते, आणि मला उत्तर आलं नाही. म्हणून मी रागावले. दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुझ्याकडे दिवस मोजकेच आहेत हे माहीत असून. तूही बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी तू डबा उघडलास आणि म्हणालीस, वांग्यात मीठ नाही. मी म्हणाले, आहे. तिथे अबोला संपला, भांडण नाही संपलं.

आणि विलासने काय केलं तेही तू पाहिलंस. त्याला 'लाथेमुळे नाही' एवढं समजलं आणि तो सरळ चालायला लागला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "डॉक्टरनं सांगेल आहे, मह्यामुळे नही झालं." तुझ्या खाटेपाशी उभं राहून, तुझ्यादेखत. एकदा तू त्याला अर्धं वाक्य बोलू दिलंस आणि पाण्याचा स्टीलचा ग्लास फेकून मारलास. त्याची भुवई फुटली. रक्त गालावर आलं. तुला हसू आलं आणि हसताना टाके ताणले गेले, मग तू पोट धरून विव्हळत हसत राहिलीस. नर्स मला ओरडली की पेशंटजवळ ग्लास का ठेवता. मी त्यानंतरही ठेवत राहिले.

केमोने तुझे केस गेले, भुवया गेल्या. जांघेत गाठी आल्या. डॉक्टरीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की आता फक्त वेदना कमी ठेवता येतील. तू घरी यायचं म्हणालीस. घरी ते दुखणं तुझ्यावर तुटून पडलं. मी माणसाला असं मारलेलं पाहिलं नव्हतं, आणि मारणारा दिसत नव्हता. तू खाटेचे कठडे हलवायचीस. भिंतीवर डोकं आपटायचीस. गोळी लागू पडेपर्यंत तू आम्हाला सगळ्यांना शिव्या द्यायचीस, तुझ्या भावांना, विलासला, मला, मेलेल्या सासूबाईंना, त्या चार पेशींना. "गर्भाशय नही राहिनं तरी यास्ले कोन सांगी," तू म्हणायचीस. घर पाडलं तरी या भाडेकरणींना कोणी सांगितलं नाही. मग गोळी लागायची आणि तू कोमलला म्हणायचीस, तुझ्या केसांना तेल लाव, किती रुक्ष झालेत.

त्या दुपारी तू माझ्या हाताला चावून थोडी झोपलीस आणि संध्याकाळच्या आत गेलीस. तुझा चेहरा शांत वगैरे नव्हता. ओठ वाकडे होते, कपाळाला आठी होती. कोणीतरी ती आठी बोटाने सारखी करायला गेलं. कोमलने तो हात बाजूला केला.

पुढचं तुला माहीत नाही. ते सांगते.

तेराव्या दिवशी गंधमुक्तीला अंगणात मांडव होता. आपली माणसं, तुझ्या माहेरची माणसं, गावातली. नाना आणि धाकटा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. ते भांडायला आले नव्हते. जेवणं व्हायची होती. विलास उठला. मला वाटलं आलेल्यांना हात जोडेल. त्याने खिशातून तुझा रिपोर्ट काढला आणि वाचायला लागला. त्याला इंग्रजी धड वाचता येत नाही. 'क्लिअर सेल' एवढं वाचलं आणि कागद सगळ्यांना फिरवून दाखवला. म्हणाला, "लोकं मह्या नावानं काही बी बोलता. हे पाहा. मह्यावर काही डाग नही. तिनं महा हात मोडला, मी सोसलं. एक शब्द बोललो नही."

नाना उभा राहिला. मांडवाचा एक बांबू त्याच्या हाताशी होता, तो त्याने उपटला. एक कोपरा खाली आला, बायका ओरडत बाजूला झाल्या. पहिला फटका खुर्चीवर बसला आणि खुर्चीचे दोन भाग झाले. दुसरा विलासच्या खांद्याला घासून गेला. आमच्या बाजूची माणसं उठली, कोणी विटा उचलल्या. धाकट्याची कॉलर कोणीतरी धरली. मला स्पष्ट दिसत होतं की आता इथे कोणीतरी मरणार.

कोमल मधे गेली. ती ओरडली नाही. नानाने तिसऱ्यांदा उचललेला बांबू तिने दोन्ही हातांनी धरला आणि तसाच धरून वडिलांकडे वळली.

"पप्पा, रिपोर्ट खरा आहे," ती म्हणाली. "त्याला कोणी खोटं म्हणत नाही. लाथेचं बोला."

तो म्हणाला, "किती वर्षं झाली त्याले."

"मी दारात उभी होते."

विटा घेतलेली माणसं विटा घेऊन उभी राहिली. विलासने इकडे तिकडे पाहिलं. कोणी त्याच्या मदतीला आलं नाही, माझे मिस्टरही नाही.

"मारली," तो म्हणाला.

"काय मारली?"

"लाथ मारली."

"कुठे?"

"पोटावर. टाक्यावर."

"आई काय करत होती?"

त्याला ते वाक्य पूर्ण करायला वेळ लागला. "पडेल होती," तो म्हणाला. "खाली पडेल होती. दुखत होतं तिले."

कोमलने बांबू सोडला. नानानेही तो खाली टाकला. मग तो विलासच्या अगदी समोर गेला आणि त्याने त्याच्या थोबाडीत मारली, एकदाच, पूर्ण ताकदीने. विलासचा ओठ फाटला, दाताला रक्त आलं. त्याचा वाकडा हात उचलला गेला नाही. नाना म्हणाला, "हाई लाथनी शे. मरननी नही."

आणि तो परत आपल्या जागेवर जाऊन बसला. थोड्या वेळाने कोणीतरी मांडवाचा कोपरा पुन्हा बांधला. पंगत बसली. मी वाढायला घेतलं. विलास जेवला नाही, पण उठूनही गेला नाही; भिंतीशी बसून राहिला, ओठावर रुमाल धरून. कोमलने त्याला पाणी नेऊन दिलं. का दिलं ते मी तिला विचारलं नाही.

तुला खरं सांगते छाया, मला आनंद व्हायला हवा होता. त्या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती. झाला नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की ही तुला दिसायला हवी होती, तुझी पोर, बांबू धरून उभी.

आपलं भांडण मी अजून हरलेली नाही. विलासने त्या भीतीत मरावं असं मला आजही वाटतं. तुला ते पटणार नाही, आणि तू आता मला मीठ नाही म्हणून टोकणारही नाहीस, तेव्हा हे असंच राहणार.

पण एक करते. बसमध्ये, शाळेत, बाजारात लोक विचारतात, तुमची जाऊ कशाने गेली हो? मी सांगते, तिच्या टाक्यात गर्भाशयाच्या पेशी रुजल्या होत्या, त्यांचा कॅन्सर झाला. मग सांगते, तिच्या नवऱ्याने तिला त्याच टाक्यावर लाथ मारली होती. दोन्ही वाक्यं सांगते, एकही गाळत नाही. फक्त दोन्हींच्या मधे 'म्हणून' घालत नाही.